महाबळेश्वर आणि पाचगणी: एकाच रस्त्यावरची दोन वेगळी गावं

मी वाईत राहते. त्यामुळे घाटावर फिरायला येणाऱ्या सगळ्या नातेवाइकांचा पहिला फोन मला येतो. परवा धाकट्या नणंदेचा आला. "वहिनी, पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्यात, आम्ही सगळे महाबळेश्वरला येतोय. सासूबाई आहेत, दोन्ही मुलं आहेत. हॉटेल मात्र पाचगणीत मिळालंय. चालेल ना? एकच आहे ना ते?"

एकच नाही. आणि ऑगस्टमध्ये तर अजिबात एक नाही.

हा घोळ मी वीस वर्षं ऐकते आहे. ट्रॅव्हल कंपन्या दोन्ही नावं मधे एक आडवी रेघ मारून छापतात. पाचगणी महाबळेश्वर तालुक्यातच येते. २००१ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं, तेही दोन्ही नावांनी मिळून. रस्त्याने अंतर जेमतेम १९ किलोमीटर. मग लोकांना वाटतं, जुळी गावं आहेत, जिथे खोली स्वस्त मिळेल तिथे राहावं. नगरपालिका दोन आहेत हे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि हवा दोन आहेत हे तर येऊन पोचल्यावरच कळतं.

महाबळेश्वर तुम्हाला माहीत आहेच. वेण्णा लेकमधली बोट, बाजारपेठेतले फुटाणे आणि चपला, मुंबई पॉइंटचा सूर्यास्त, विल्सन पॉइंटचा सूर्योदय, लिंगमळ्याचा धबधबा. शाळेच्या सहलीत नाहीतर लग्नानंतर बहुतेकांचं एकदा होऊन गेलेलं असतं. म्हणून त्यावर फार बोलत नाही. फक्त एक सांगते, कारण तिथेही लोक फसतात. बाजारपेठ असलेलं महाबळेश्वर म्हणजे इंग्रजांनी वसवलेलं माल्कमपेठ. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमाराला साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ती जागा घेतली. देवाचं महाबळेश्वर, म्हणजे क्षेत्र महाबळेश्वर, तिथून पाच-सहा किलोमीटर पुढे आहे. पंचगंगेचं मंदिर तिथे, जिजाबाईंची सुवर्णतुला १६६५ मध्ये झाली ती तिथे, आणि आर्थर सीटला जायचा रस्ताही तिथूनच. 'महाबळेश्वरला जाऊन आलो, पण देवळात जायचं राहिलं, दिसलंच नाही' असं सांगणारी माणसं मला दरवर्षी भेटतात. वडीलधाऱ्यांना घेऊन येत असाल तर ते आधीच ठरवून ठेवा. देवळात चप्पल काढून ओल्या दगडावरून चालावं लागतं, म्हणून त्यांचा हात धरायला कोणीतरी सोबत हवं.

आता मुख्य गोष्ट. बाकीचे सगळे फरक हिच्यातून निघतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

महाबळेश्वर सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. अगदी कड्यावर. पश्चिमेला पाऊल टाकलं की खाली सरळ कोकण. पाचगणी माथ्यावर नाही. त्या माथ्यापासून पूर्वेकडे डोंगराची एक लांब सोंड निघते. तिच्या उत्तरेला कृष्णेचं खोरं, दक्षिणेला आधी वेण्णा आणि मग कुडाळी. महाबळेश्वर-पाचगणी रस्ता याच सोंडेवरून जातो, पाचगणी तिच्या टोकाजवळ बसलेली आहे, आणि टोक संपलं की पसरणीचा घाट उतरून खाली आमची वाई. नकाशा उघडून बघा. तिन्ही गावं पश्चिम-पूर्व अशी जवळजवळ एका सरळ रेषेत आहेत. महाबळेश्वर ते पाचगणी हवाई अंतर साधारण १५ किलोमीटर, आणि पाचगणी ते वाई त्याहून कमी.

समुद्रावरून येणारं पावसाळी वारं कोकणातून येऊन पहिल्यांदा आदळतं ते महाबळेश्वरच्या कड्यावर. हजार-बाराशे मीटर एकदम वर चढावं लागल्यामुळे ते थंड होतं, आणि त्यातलं पाणी तिथेच ओतलं जातं. माथा ओलांडून पूर्वेकडे सरकेपर्यंत वारं बरंच रिकामं झालेलं असतं. महाबळेश्वरचा वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर जातो. एकट्या जुलैत दोन हजारांच्या आसपास पडतो, म्हणजे पुण्यात वर्षभरात जेवढा पडतो त्याच्या दुपटीहून जास्त. पाचगणीला महाबळेश्वरच्या निम्माही पडत नाही. आणि खाली वाईत हजार मिलिमीटरसुद्धा होत नाही. शाळेत पर्जन्यछाया शिकताना पुस्तकात उभ्या-आडव्या रेघांचं एक चित्र असायचं, ते इथे पाऊण तासाच्या प्रवासात डोळ्यांनी दिसतं.

आम्ही ते रोज बघतो. जुलैत सकाळी कृष्णेच्या घाटावर, ढोल्या गणपतीपाशी उभं राहिलं की धोमच्या अंगाला, पश्चिमेकडे, आभाळ शाईसारखं काळं असतं. पाचगणीच्या कड्यावर ढग चढ-उतर करत असतात, मधेच कडा स्वच्छ उघडतो. आणि आमच्या अंगणात वाळत घातलेले कपडे दुपारपर्यंत वाळलेलेही असतात. नदीला पाणी मात्र चढतं. ते वरचं.

पाचगणीत पाऊस नसतो असं कोणी समजू नये. असतो, धुकंही असतं, छत्री लागतेच. पण तो येतो, थांबतो, दोन तास उघडीप देतो. महाबळेश्वरात जुलै-ऑगस्टमध्ये थांबणं हा प्रकार फार कमी. आणि पावसापेक्षा मोठी अडचण धुक्याची. माथाच ढगात असतो, त्यामुळे तुम्ही ढगाच्या आत उभे असता. कड्यावरच्या रेलिंगला हात लावायचा आणि समोर पांढरा पडदा, एवढंच.

माझ्या मावशीचं हेच झालं. ती नागपूरची, सह्याद्री कधी पाहिलेला नाही, गुडघे दुखत असूनही हौसेने आली. कोणीतरी फोनवर 'खोलीतून दरी दिसते' म्हणून सांगितलं होतं, म्हणून आम्ही ऑगस्टमध्ये महाबळेश्वरात दोन रात्री घेतल्या. खिडकीबाहेर पांढरं. पलंगावरची चादर हाताला गार आणि ओलसर लागत होती, उशीला कुबट वास. देवापुढे उदबत्ती लावायला तिने पर्समधून काडेपेटी काढली, तर पाच-सहा काड्या घासून गुल सगळा पेटीला चिकटला, एकही पेटली नाही. दुसऱ्या दिवशी आर्थर सीटला गेलो. पायऱ्या, चिखल, वारा. टॅक्सीवाले भाऊ मनापासून हात करून दाखवत होते, "मावशी, इकडे सावित्रीचं खोरं, तिकडे ब्रह्मारण्य." मावशी त्या दिशेला मान वळवून बघत राहिली. दिसलं काहीच नाही. परतताना तिने एवढंच विचारलं, "खरंच खोल आहे का गं?"

मी त्याच दुपारी सामान उचललं आणि पाचगणीला आणलं. गुरेघरच्या पुढे गाडीच्या काचेवरचा पाऊस विरळ झाला. पारशी पॉइंट रस्त्याला लागूनच आहे, फार चालावं लागत नाही. तिथे उतरलो तेव्हा भुरभुर होती. दहा मिनिटांत ढग बाजूला सरकले आणि खाली धोम धरणाचं पाणी, काठावरची भाताची खाचरं, आणि एका खाचरावर पडलेला उन्हाचा तुकडा दिसला. तो तुकडा हळूहळू सरकत पाण्यावर गेला. मावशी कठड्याला धरून तासभर उभी होती. मक्याचं कणीस गार झालं तरी तिने खाल्लं नाही. हे १९ किलोमीटरचं अंतर मला आधीच कोणी नीट सांगितलं असतं तर तिचे दीड दिवस वाया गेले नसते. म्हणून मी फोनवर प्रत्येकाला एवढं पोटतिडकीने सांगते.

आणि हे मी काढलेलं शहाणपण नाही. पाचगणी वसवलीच मुळी या कारणासाठी. महाबळेश्वर ही मुंबई इलाख्याची उन्हाळी राजधानी. पण पाऊस सुरू व्हायच्या आत साहेब लोक तिथून निघून पुण्याला उतरायचे, कारण पावसाळ्यात तिथे राहणं अशक्य. बाराही महिने राहता येईल अशी थंड जागा त्यांना हवी होती. ती १८६० च्या दशकात दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधे सापडली, म्हणून नाव पाचगणी. जॉन चेसन यांच्याकडे तिची व्यवस्था दिली गेली. पाचगणीत सरळसोट वाढलेले सिल्व्हर ओक दिसतात, ती झाडं त्यांच्या काळापासून लावलेली. बाराही महिने राहता येतं म्हटल्यावर पुढे निवासी शाळा आल्या आणि क्षयाच्या रुग्णांसाठी आरोग्यधामं आली. कोरडी हवा फुप्फुसांना मानवते असं तेव्हाचे डॉक्टर मानत. पारशी मंडळींनी बंगले बांधले. महाबळेश्वरात अशा नामांकित निवासी शाळांची रांग का नाही, असं लोक विचारतात. चार महिने पोरांना ढगात कोण ठेवणार?

माथा आणि सोंड हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप उलगडतं. महाबळेश्वरच्या मावळतीच्या पॉइंटांवरून कोकण, प्रतापगड, मकरंदगड दिसतो. दरी खोल, रानटी, दाट झाडीची, माणसाची वस्ती फारशी नाही. पाचगणीच्या सिडनी पॉइंटवरून, पारशी पॉइंटवरून दिसतं ते कृष्णेचं रुंद खोरं, धरणाचं पाणी, शेतं, गावं, कमळगड. एकीकडे पाहताना पोटात गोळा येतो, दुसरीकडे पाहताना डोळे निवतात. सूर्यास्त बघायचा तर महाबळेश्वरच. पाचगणीत राहून सूर्यास्तासाठी मुंबई पॉइंटला धावायचं ठरवलंत, तर सुट्टीच्या दिवशी वेण्णा लेकपाशी गाड्यांच्या रांगेतच अंधार पडतो. याला एक अपवाद आहे, तो केट्स पॉइंटचा. तो महाबळेश्वरचा, पण तोंड पूर्वेकडे, कृष्णेच्या खोऱ्याकडे. तिथून बलकवडी आणि धोम दोन्ही धरणांचं पाणी दिसतं. बाजूलाच सुईच्या नेढ्यासारखा आरपार खडक आहे, मुलांना तो हत्तीच्या सोंडेसारखा वाटतो. माथ्यावर ढग असताना कधीकधी इथे उघडलेलं असतं, म्हणून महाबळेश्वरात अडकलात तर हा एक डाव टाकून बघा.

पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणारं पाणी मुलांना दाखवताना हेही सांगा. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्या एकाच माथ्यावरच्या. त्यांतली सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटला अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला निघते, वेण्णा तिला माहुलीला भेटते, कोयना कऱ्हाडला, आणि सगळं पाणी देश ओलांडून बंगालच्या उपसागराला जातं. आमच्या मुलीला मी हे देवळातच सांगितलं होतं. तिने दोन्ही हातांच्या ओंजळीत पाणी धरून विचारलं, "आई, हे आता इकडे सोडू की तिकडे?"

आता किरकोळ फरक. उंची जवळजवळ सारखी, दोन्ही तेराशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर थोडं वर. मक्याचे पॅटिस, सरबतं, जॅम, स्ट्रॉबेरी विथ क्रीम दोन्हीकडे मिळतं, चवीत फरक नाही. घोडे दोन्हीकडे. बोट फक्त वेण्णा लेकला. हा तलाव साताऱ्याच्या महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतलेला आहे, नैसर्गिक नाही. बाजारहाट करायची तर महाबळेश्वरची पेठ. मॅप्रो गार्डन या दोन्ही गावांत नाही, ते वाटेवर गुरेघरला आहे. त्यामुळे 'तुमच्या पाचगणीचं मॅप्रो' आणि 'आमच्या महाबळेश्वरचं मॅप्रो' हा वाद घालू नये.

टेबललँडबद्दल मात्र मला बोलायचंच आहे. तिथे गेलात की कोणीतरी सांगतं, आशियातलं दोन नंबरचं मोठं पठार. लोक घरी जाऊन मुलांना तेच सांगतात आणि मुलं शाळेत सांगतात. हे खरं नाही. तिबेटचं पठार आशियात आहे, दख्खनचं पठार आशियात आहे, आणि टेबललँड हा त्या दख्खनच्याच काठावरचा जांभ्याचा एक सपाट माथा आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लहान मूलही चालत जातं. त्याची खरी गंमत मोठेपणात नाही. खाली काळा कातळ, त्यावर लाल जांभ्याची टोपी, कडेने ती तुटून उभे कडे झालेले आणि पोटात गुहा. पायाखालचा दगड हातात घेऊन बघा, मधाच्या पोळ्यासारखी भोकं असतात. पावसाने त्यातलं सगळं विरघळणारं नेऊन लोखंड-ॲल्युमिनियम तेवढं मागे ठेवलेलं आहे. मुलांना हे दाखवलं तर ती दगड खिशात घालून घरी आणतात. श्रावणात तिथे गुडघ्याएवढं गवत, खड्ड्यांतून पाणी, बोटाच्या पेराएवढी फुलं. तेव्हा घोड्याच्या रपेटीपेक्षा अनवाणी चालू द्यावं. कड्याच्या टोकाशी फोटोसाठी मुलांना उभं करणारे आईबाप दिसले की माझ्या काळजाचा ठोका चुकतो. जांभा ठिसूळ असतो, वरून सपाट दिसला तरी खाली पोकळ असू शकतो. दहा पावलं मागे थांबा.

दुसरी गोष्ट स्ट्रॉबेरीची. रोपं पावसाळ्याच्या शेवटी लागतात, फळ नोव्हेंबरअखेर सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी' या नावाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मळे पाचगणीच्या अलीकडे-पलीकडेही आहेत. ऑगस्टमध्ये पेल्यात येते ती गोठवलेली. ताजी म्हणून पैसे देऊ नका. जानेवारीत या, भिलारच्या बाजूला मळ्यात शिरा, शेतकऱ्याला विचारून स्वतः तोडून खा. भिलार हे पुस्तकांचं गाव. ४ मे २०१७ पासून तिथल्या घराघरांत मराठी पुस्तकं मांडलेली आहेत, कोणाच्याही ओसरीवर बसून वाचता येतात. मुलांना तिथे दोन तास सोडा. पॉइंट मोजत फिरण्यापेक्षा ते मला फार मोलाचं वाटतं. 'एका दिवसात चौदा पॉइंट' या यादीत ते येत नाही, कारण तिथे गाडी थांबवून नुसतं बसावं लागतं.

मग राहायचं कुठे? जून ते सप्टेंबर, घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील, तर पाचगणी. मी यात दुसरं मत ऐकून घेत नाही. नुसता पाऊस अंगावर घ्यायला येणारी तरुण मंडळी असतील तर त्यांनी महाबळेश्वरात खुशाल राहावं. पावसाआधी घरांना-दुकानांना बांधलेल्या झडी म्हणजे पाऊस अडवणारे आडोसे, त्यामागची अंधारी बाजारपेठ आणि जंगलातून येणारा पाण्याचा आवाज, हेही बघण्यासारखं असतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी महाबळेश्वर. आभाळ धुतलेलं, दऱ्या तळापर्यंत स्पष्ट, लिंगमळ्याला पाणी अजून असतं. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे वेण्णा लेकच्या काठावर दव गोठून गवत पांढरं झालेलं दिसतं. एप्रिल-मेमध्येही महाबळेश्वर, कारण तिथल्या जांभूळ-हिरड्याच्या दाट झाडीत दुपारची सावली मिळते. पाचगणीचा माथा तेव्हा तापतो. प्रतापगड करायचा असेल तर तो महाबळेश्वरातूनच करावा. तो कोकणाच्या बाजूला, पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटाच्या वाटेवर आहे. पाचगणीहून निघालात तर जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर वाढतात, आणि वर गडाच्या पायऱ्या आहेतच. पावसाळ्यात त्या घाटात दरडी येतात. तेव्हा रस्ता सुरू आहे का हे विचारल्याशिवाय मुंबईहून त्या बाजूने चढूच नका, वाईवरून या.

नणंदेला मी पाचगणीचं बुकिंग तसंच ठेवायला सांगितलं. पहिल्या दिवशी सकाळी लवकर टेबललँड, दुपारी भिलार, सासूबाईंना पारशी पॉइंट. दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरला जायचं ते फक्त देवासाठी, पंचगंगेचं दर्शन घेऊन दुपारच्या आत परत. पॉइंट एकही नाही. "मग महाबळेश्वर बघायचं राहिलंच की, वहिनी," ती म्हणाली. राहू दे म्हटलं, डिसेंबरात पुन्हा ये, तेव्हा तिकडेच राहू, मीही येते. पसरणीच्या घाटात धाकट्याला गाडी लागते, म्हणून वाईत माझ्याकडे थांबून पोटाला हलकं काहीतरी खाऊन मगच वर चढायचं, एवढं मात्र तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे.